आबाचं पडीक

पाहुणे येणार म्हणून अंगण झाडून ठेवणारी माणसं पुष्कळ असतात. पण जे शहर अजून आपल्या गावाच्या दिशेनं तोंडसुद्धा करून बसलेलं नाही, त्याच्यासाठी स्वतःच्या शेतातून रस्ता मोकळा सोडून त्याच्या तोंडाशी वाट बघत उभा राहिलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि नेमका तो माझा सासरा निघाला. त्या काळी भूगाव म्हणजे पौडच्या रस्त्याला, खिंड उतरल्यावर लागणारी थोडी कौलं, थोडी गवताची छपरं आणि मधूनमधून भाताची खाचरं. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिथं उतरणाऱ्याकडे जरा दयेनं बघायचा. अशा गावात माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, आपल्या शेतातल्या त्या मोकळ्या पट्टीशी आले की थांबायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, आणि मगच पलीकडे जायचे. दोन्हीकडे गवताशिवाय काही हलत नसे. पण एकदा मी घाईनं तसाच पुढे गेलो, तर त्यांनी दंड धरून मला मागं ओढलं. "जावईबापू, आत्ता कायबी येत न्हाई म्हून काय झालं? सवय आदी लागाय पायजे. गाड्या येतील तवा शिकाय कुनाला सवड हाय?"

मला त्यांनी मुलगी दिली तीसुद्धा रस्त्यासाठीच. मी पुण्यात म्युनिसिपालटीच्या कचेरीत कारकून होतो, जन्ममृत्यूच्या नोंदी करायचो. माझ्या दूरच्या मामांनी स्थळ सुचवताना सांगितलं, "पोरगा कचेरीत रस्त्याकडं असतो." मामांचं काही चुकलं नव्हतं. माझं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशीच होतं. पण आबांनी ते ऐकलं आणि पत्रिका बघायच्या आधीच सुपारी फोडली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला ओसरीवर बसवून गंभीरपणे विचारलं, "मंग? आपल्या बाजूला कवा वळनार तुमचा रोड?" मी खरा प्रकार सांगितला. मुलगी परत न्यावी की काय असा विचार आबांच्या मनात येऊन गेला असावा अशी मला आजही शंका आहे. मग ते म्हणाले, "पुन्यात पोरं लई जन्मतात का?" मी म्हटलं, लई जन्मतात. "आनि मरत्यात?" त्या मानानं कमी. आबांचा चेहरा उजळला. "म्हंजे वाढतंय! मंग तुमचं खातं बी रस्त्याचंच झालं की."

लग्नातली त्यांची मागणीही जगावेगळी होती. मानपान, पोशाख, रुखवत यांवरून दोन्हीकडची मंडळी घसा साफ करून तयार झालेली असताना आबा म्हणाले, "आमास्नी कायबी नगं. मुरूम आना. गाडीगाडीनं आना." माझे थोरले चुलते पुण्यात राहून जरा नाकानं बोलायला लागले होते. ते उठून उभे राहिले. "आम्ही मुलगी करून घ्यायला आलोय की खडी फोडायला?" पण आबा ढळले नाहीत. शेवटी पुण्याहून मुरूम आणणं परवडेना, म्हणून आम्ही गावातल्याच गाड्या ठरवल्या, गावामागच्या टेकडीचाच मुरूम भरला, आणि वाजतगाजत आबांच्या दारात नेला. म्हणजे त्यांच्या टेकडीचा मुरूम त्यांच्याच शेतात आम्ही अहेर म्हणून ओतला. तरी आबा इतके खूश झाले की नवरदेवाच्या आधी त्यांनी पहिल्या गाडीच्या बैलांना ओवाळायला लावलं. मांडवात माझ्या बोहल्यापासून तो ढीग स्वच्छ दिसत होता. मंगलाष्टकं चालली होती आणि सासरे ढिगाकडे बघत होते.

ती पट्टी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती दुसऱ्या दिवशी. पौड रस्त्यापासून निघून आबांच्या शेतांमधून उत्तरेला टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलेली, चार बैलगाड्या शेजारी शेजारी जातील अशी रुंद, मोकळी जमीन. तिच्यात नांगर घातलेला नव्हता, बांध घातलेला नव्हता, एक झाडसुद्धा मधे नव्हतं. जी होती ती दोन्ही कडांना, ओळीत उभी. आबांच्या मनातून तो रस्ता टेकडी ओलांडून म्हाळुंग्याला जायचा, तिथं नदीवर पूल होता (अर्थात आबांच्या मनात), पूल उतरला की नेरं, आणि नेऱ्याच्या पुढं कुठं जायचं हे आबा मुंबईकरांवर सोपवत. गावातले लोक त्या जागेला 'आबाचं पडीक' म्हणायचे. शेजारणी गोवऱ्या थापायला तिथं यायच्या, पण आबा त्यांना कडेला थापायला लावायचे. कुणी बैल मधेच बांधला तर दावं सोडून कडेच्या झाडाला बांधायचे आणि बैलालाच समजावायचे, "अरं बाबा, वाट हाय ही. लोकं काय म्हनतील?" कुठली लोकं, हे बैलानं कधी विचारलं नाही, गावानं मात्र विचारून विचारून सोडून दिलं होतं.

पुण्याला आले की आबा देवदर्शनाला जात नसत, मंडईत जात नसत. आमच्या पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर बसून ते रहदारी बघायचे. टांगा, हातगाडी, सायकली आणि एखादा म्हशींचा कळप यांची गाठ पडली, सगळे अडले आणि एकमेकांच्या बापाचा उद्धार करू लागले, की आबांच्या तोंडावर राग आणि आनंद एकदमच उमटायचे. "बगा! ह्येंच्या आज्यांनी घरं जरा मागं बांदली असती तर आज नातवांची तोंडं अशी खराब झाली आस्ती का?" एकदा त्यांनी एका दुमजली घराचं दार ठोठावलं आणि बाहेर आलेल्या गृहस्थांना नमस्कार करून सांगितलं, "तुमचा जिना रस्त्यात आलाय." ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "जिना माझ्या पणजोबांचा आहे. रस्ता नंतर आला." आबा तसेच घरी आले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मानूस खरं बोलला. रस्ता नंतर आला म्हूनच तर घोटाळा झाला."

तालुक्याच्या कचेरीत ते किती वेळा गेले असतील याला गणती नव्हती. एकदा मी बरोबर होतो. साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांनी आबांना खुर्ची दिली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आबा, रस्त्याला पैसा मिळतो तो रहदारी बघून. तुमच्याकडे रहदारी कुठाय? ज्या शहराचा रस्ता मागताय ते शहर तरी कुठाय?"

"वाटंत हाय," आबा म्हणाले. "येतंय."

साहेब हसले. "येऊ द्या. आलं की बघू."

"म्हंजे आदी गर्दी व्हायची आनि मग रस्ता? साहेब, आदी पोरगं झाल्याव लगीन लावायचं व्हय?"

साहेबांच्या मागं उभा असलेला शिपाई खोकत खोकत बाहेर पळाला. पैसा अर्थातच मिळाला नाही. पण एसटीत बसल्यावर आबांनी जाहीर केलं की सरकारचा पैसा नसला तरी रस्त्याला खर्चाची सोय करता येते, आणि तिथून 'वाटंचा वाटा' सुरू झाला. गावात कुणाच्या घरी काही चांगलं घडलं, तर त्या घरानं वाटेला वाटा द्यायचा: एक गाडी मुरूम, नाहीतर दगड, नाहीतर एक दिवस फावडं घेऊन अंगमेहनत. लग्न झालं, वाटा. मुलगा झाला, वाटा. मुलगी झाली तरी वाटा, "तिला तर याच वाटंनं माह्यारी यायचंय!" सुरुवातीला लोकांनी थट्टेवारी नेली, मग आबांचं तोंड चुकवायला दिला, आणि पुढं पुढं तो रिवाजच होऊन बसला. एकाची म्हैस व्याली तेव्हा आबा त्याच्याही दारात उभे. तो कावला. "आबा, म्हशीचा कसला वाटा?" आबा म्हणाले, "का? तुजी म्हस उडत जानार हाय?" दुसऱ्या दिवशी मुरुमाची गाडी आली. अशी थोडी थोडी करून, पावसाआधी दगडी रूळ फिरवून, ती पट्टी गावातली एकमेव अशी जागा झाली जिथं आषाढातसुद्धा चिखलात पाय रुतत नसे.

या सगळ्यात एका माणसानं कधीच हसून घेतलं नाही. त्या माझ्या सासूबाई. त्यांचं न हसणं मला कळलं ते भावाभावांची वाटणी झाली तेव्हा. आबांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे धाकटे सासरे. स्वभावानं आडदांड, पण मनानं वाईट नाहीत. त्यांचं कुटुंब वाढलं होतं आणि त्यांना घर बांधायचं होतं ते नेमकं पट्टीच्या तोंडाशी, पौड रस्त्यालगत. वाटणीत ती जागा त्यांच्या बाजूला जात होती. तिथं घर उभं राहिलं असतं म्हणजे आबांच्या रस्त्याच्या तोंडातच बूच बसलं असतं. आबांनी रदबदली केली, विनवलं, भांडले. आणि शेवटी त्या चिमूटभर तोंडाच्या बदल्यात ओढ्याकाठचं भाताचं खाचर धाकट्याला देऊन मोकळे झाले. ते खाचर म्हणजे त्या घराचा जीव. त्यातला आंबेमोहर शिजायला लागला की वास पार एसटीच्या थांब्यापर्यंत यायचा. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी आबांच्या ताटात नाचणीची भाकरी आली, संध्याकाळी आली, दुसऱ्या दिवशीही आली. आबांनी बिचकत विचारलं, "भात?" सासूबाई म्हणाल्या, "भात रस्त्यात सांडला." आणि गाठोडं बांधून त्या आमच्याकडे पुण्याला निघून आल्या.

बायका रुसल्या की माहेरी जातात. सासूबाईंना रुसून जायला माहेर नव्हतं. त्यांचं गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं होतं, लग्नानंतर थोड्याच वर्षांत. म्हणून त्या लेकीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात येऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या. तिथं त्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आपण होऊन माझ्याशी बोलायला सुरुवात केली. "उन्हाळ्यात पानी खाली गेलं की आमच्या गावाची वाट वर येती. गाडीवाट. चाकोऱ्या तशाच हायेत. तुमचं सासरं दरसाली मला नेत्यात. वाट जिथं पान्यात शिरती तितपर जायचं, उभं ऱ्हायाचं, मागं फिरायचं." मी विचारलं, आबा तिथं काय करतात? "ते? ते चाकोऱ्या किती रुंद हायेत ते बगत्यात," त्या वैतागून म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आला. "न्हाई. तसं न्हाई. नवीन लगीन झालेलं तवा धरनाच्या खुंट्या ठोकाय मानसं आलेली. माझ्या बापाच्या अंगनात खुंटी. कुनी इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. ह्यांनी त्ये बगितलं. तवापसनं डोस्क्यात भरून घेतलंय, दुसऱ्या कुनी आखायच्या आदी आपलं आपून आखून ठेवायचं." थोड्या वेळानं त्या पुन्हा रागावल्या. "पन म्हून काय माजंच भात द्यायचं? बापाचं पान्यात गेलं. न्हवऱ्याचं रस्त्यात गेलं. मी बसू कुटं?"

चार-आठ दिवसांनी आबा आले. गल्लीत येताना डावी-उजवीकडे न बघता आले, त्यावरून काय ते आम्ही ओळखलं. उंबऱ्याशी बसून टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "धाकट्यानं कबूल केलंय. दरसाली त्यातला तांदूळ आपल्याला देनार." आत एक झाकण आपटलं. "म्हशीनं तुज्याबिगर दूद देनं सोडलंय." झाकण पुन्हा आपटलं. "मला बी काय ग्वाड लागत न्हाई," आबा म्हणाले, इतक्या हळू की मी दुसरीकडे बघू लागलो. सासूबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या पुढं चालू लागल्या. पण गावी गेल्यावर त्यांनी त्या पट्टीवर पाऊल ठेवलं नाही ते नाहीच. विहिरीवर जायला ती जवळची वाट. पण त्या घागर घेऊन बांधाबांधानं लांबचा वळसा घालून जायच्या. आबा कडेच्या झाडाखालून बघत राहायचे. गावानं मुरूम दिला होता, दगड दिले होते, अंगमेहनत दिली होती. एवढ्या एका बाईचं चार पावलं चालणं आबांना मिळत नव्हतं, आणि त्याचा वाटा कुणाकडं मागायची सोय नव्हती.

मग एकसष्टचा जुलै आला. पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमची चाळ नदीच्या अंगालाच होती. मी, पत्नी आणि मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या पेठेत एका शाळेत जाऊन पडलो. चाळीतली बाकीची बिऱ्हाडंही तिथंच आली. पाणी उतरल्यावर बघायला गेलो तर चाळ नव्हती. चिखलाचा आणि वाश्यांचा एक डोंगर होता आणि त्यात आमच्या तळमजल्यावरचा शिंपी आपलं मशीन शोधत होता. तशात बैलगाड्या घेऊन आबा आणि धाकटे सासरे खिंड चढून-उतरून येऊन पोचले. गाड्या गल्लीत शिरेनात, म्हणून त्या बाहेर सोडून आबा चिखल तुडवत आत आले. ज्यांच्या जिन्यावरून वाद झाला होता त्यांच्या घराचा नुसता जिना शिल्लक राहिला होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला." मी म्हटलं, आबा, चाळीतल्या कितीतरी लोकांना कुणीच नाही. आबांनी शाळेच्या ओसरीवर बसलेल्या त्या सगळ्या गोतावळ्याकडे नजर फिरवली. "मंग त्यास्नी बी म्हना, चला. जागा हाय आपल्याकडं."

अशा रीतीनं पुणं भूगावला आलं. भिजलेलं, कुडकुडणारं, हातात एखादं पातेलं नाहीतर घड्याळ धरून आलं. सगळीकडे चिखल, भातलावणीचे दिवस. कोरडी, टणक जमीन म्हणाल तर ती एकच होती. पट्टीच्या दोन्ही कडांना बांबू रोवले गेले, गवताची छपरं पडली, आणि आबा त्या पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन एकेका बांबूपाशी जाऊन ओरडत होते, "कडंला! आजून मागं! मदी कुनी यायचं न्हाई!" माणसांचं घरदार वाहून गेलेलं, आणि हा म्हातारा कुणाचा बांबू वीतभर पुढं आलाय म्हणून हटून बसलेला. पण संध्याकाळी धूर निघू लागला तेव्हा मी बघितलं. दोन्हीकडे छपरांच्या ओळी, आणि मधून मोकळा, रुंद, सरळ रस्ता.

सासूबाई बांधावर उभ्या होत्या. एका छपराखाली आमच्या चाळीतल्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. विधवा बाई, एकट्याच, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. सासूबाईंनी घरात जाऊन विस्तव घेतला, पदर खोचला आणि बांधावरून खाली उतरून तरातरा पट्टीवरून चालत पलीकडे गेल्या. आबा एका बांबूला धरून उभे होते. त्यांचा हात तसाच राहिला. सासूबाईंनी चूल पेटवून दिली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सगळं गेलं हो. घर कुठं होतं तेसुद्धा ओळखू येत नाही."

"उतरलं न्हवं पानी?" सासूबाईंनी विचारलं.

"उतरलं."

"मंग गावंल घर. आज न्हाई, उंद्या गावंल." फुंकणीनं जाळ करत त्या म्हणाल्या, "तुमचं पानी उतरलं, बाई. आमचं आजून हाय."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पुढं होऊन दुसऱ्या बाजूनं चुलीत काटक्या सारू लागल्या. तेवढ्यात धाकटे सासरे तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन आले, भावजयीच्या पुढ्यात आपटलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, त्याच खाचरातला हाय." त्या दिवशी त्या रस्त्यावर सगळ्यांनी आंबेमोहराचा भात खाल्ला.

पुढचे दोन-तीन महिने माझ्या सासऱ्यांच्या आयुष्यातले सोन्याचे होते, असं म्हणताना जिभेला जड जातं, कारण बाकीच्यांचे ते दिवस कसे होते हे मी जाणतो. पण खरं तेच होतं. शिंप्याचं मशीन गंज काढून चालू झालं. गावातल्या झंपरांना पहिल्यांदा पुण्याचं कटिंग मिळालं. चाळीतल्या सायकलवाल्यानं एका झाडाला पंप टांगला आणि गावात सायकल नसताना दुकान उघडलं. मग बघता बघता सायकली आल्या. मास्तरीणबाई मुलांना गोळा करून पाढे म्हणून घेत. कुणी चहा विकू लागलं, कुणी दारात रांगोळी काढू लागलं, कुणाचं कुणाशी पाण्यावरून वाजू लागलं. आबा सकाळी धुतलेलं धोतर नेसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि प्रत्येक दाराशी थांबायचे. एके दिवशी धान्य घेऊन आलेला ट्रक, धाकट्या सासऱ्यांची बैलगाडी, डोंगरावरून उतरलेली धनगराची शेरडंमेंढरं आणि सायकलवाल्याची दोन गिऱ्हाइकं अशी सगळी पट्टीच्या मधोमध एकमेकांत अडकली. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, धनगर शिव्या देतोय, शेळी शिंप्याच्या कापडात तोंड घालतेय. कुणीतरी धावत जाऊन आबांना बोलावलं. आबा आले आणि बघतच राहिले. मग दोन्ही हात वर करून मधे घुसले. "थांबा! येकायेकानं! डावीकडनं!" त्यांचा आवाज चिरकत होता. पाऊस नव्हता, तरी त्यांचे गाल ओले होते. धनगर मला म्हणाला, "म्हातारा रडतोय का हसतोय वो?" मला ते आजही सांगता यायचं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला सरकारनं पूरग्रस्तांसाठी घरं दिली. ट्रक आले. ज्याचं त्याचं सामान चढलं, आलं होतं त्याहून थोडं जास्तच. शिंप्यानं आबांना बंडी शिवून दिली. मास्तरीणबाई सासूबाईंना मिठी मारून उभ्या राहिल्या. सगळे म्हणाले, येऊ हं, आबा, येत राहू. आबांनी ट्रक जातील तशी वाट करून दिली. त्यांचीच शिस्त, कडेला उभे राहिले. मी पत्नी-मुलांना घेऊन शेवटच्या ट्रकमध्ये होतो. वळणावरून मागं बघितलं तर आबा आणि सासूबाई दोन कडांना उभी होती, आणि मधे रस्ता.

त्या हिवाळ्यात आबा आमची नवी वसाहत बघायला आले. मला वाटलं होतं, खूश होतील. तिथले रस्ते सरळ होते, रुंद होते, कुणाचा जिना मधे नव्हता. आबा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. शिंपी त्यांना एका बाजूला सापडला, सायकलवाला पार दुसरीकडे. मास्तरीणबाई त्याहून लांब, दार लावून वह्या तपासत होत्या. आबांनी प्रत्येकाला विचारलं, कवा येताय? प्रत्येकानं मनापासून सांगितलं, येऊ की, जरा बस्तान बसू द्या. एसटीच्या थांब्यावर मी विचारलं, "काय आबा, कसे आहेत रस्ते?"

"झ्याक हायेत," आबा म्हणाले. एसटी येईपर्यंत ते त्या रिकाम्या, रुंद रस्त्याकडे बघत होते. "पन येकमेकाला हाक पोचत न्हाई वो."

त्यानंतर ते फार वर्षं नव्हते. एका उन्हाळ्यात, सासूबाईंना घेऊन मुळशीला जाऊन आल्यावर, ओसरीवर पडल्या पडल्या गेले. धाकट्या सासऱ्यांनी पट्टीच्या तोंडाशी घर बांधायचं नाव पुन्हा काढलं नाही. बांधलं ते कडेला, अंग चोरून. पुढं एकदा मी सुट्टी काढून एकटाच भूगावला गेलो. घराला कडी होती. शेजारच्या घरातली नवी सून धान्य पाखडत होती. पूर येऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्या गावात आलेली. तिला विचारलं, आजी कुठं गेल्या?

"आजी व्हय? ह्या सायकलवाल्याच्या म्होरं जावा. शिंप्याच्या कोपऱ्यावर बसल्यात."

मी म्हटलं, "कुठला शिंपी?"

तिनं सूप थांबवलं आणि माझ्याकडे नवलानं बघितलं. "मला काय म्हाईत? समदी तसंच म्हनत्यात."

मी गेलो. गुडघाभर गवत वाढलेलं, उन्हं उतरलेली. बांबू कधीच निघून गेले होते, सायकलवाल्याच्या झाडाला पंपाची नुसती दोरी होती. पलीकडे, जिथं कोपरा म्हणावा असं काहीही नव्हतं तिथं, सासूबाई एका दगडावर बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, रस्त्याकडे तोंड करून. मला बघून त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली.

"या पावनं, बसा," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला गर्दी नसती."